नाशिकच्या तीन सकाळी

नाशिक म्हटले की कुणाला गोदावरीचा घाट आठवतो, कुणाला द्राक्षे, कुणाला नोटांचा छापखाना. या खेपेस आम्हाला पाहायचे होते ते पहाटे पाच ते आठ या वेळेतले नाशिक.

त्याचे कारण असे. आपल्या वस्त्यांतून दरवर्षी एक गोष्ट घडते. भरतीची जाहिरात येते. पोरे-पोरी बूट आणतात, गजर लावतात, वस्तीला जाग येण्याआधी रस्त्यावर धावताना दिसतात. आठ दिवसांनी त्यातले निम्मे उरतात, महिन्याने एखाददुसरा. मग घराघरांतून बोलणे ऐकू येते, "आमच्या पोराच्या अंगी जिद्दच नाही." ही जिद्द म्हणजे नेमके काय? ती कुणाला जन्मत: मिळते आणि कुणाला मिळत नाही, असे आहे काय? की ती घडवता येते? याचा शोध घ्यावा म्हणून आम्ही तीन दिवस नाशिक जिल्ह्यात काढले. हाच जिल्हा निवडला, कारण गेल्या वीस वर्षांत इथल्या अगदी साध्या घरांतून दमसासाच्या खेळांत देशाचे नाव करणारी माणसे निघाली आहेत.

त्रिरश्मीची चढण

पहिल्या सकाळी आम्ही पांडवलेणीच्या पायथ्याशी उभे होतो. मुंबई-आग्रा रस्त्यालगतचा हा डोंगर. शिलालेखांत याचे नाव त्रिरश्मी. खाली बुद्ध स्मारक, वर चोवीस लेणी. अंधार पुरता ओसरला नव्हता, तरी पायऱ्यांवर माणसांची रांग लागलेली. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले कामगार, कानाला मफलर गुंडाळलेल्या बाया, शाळकरी मुले आणि दोन-दोन पायऱ्या एका दमात ओलांडणारे भरतीचे उमेदवार.

वाटेत दम घ्यायला बसलो तेव्हा एका वयस्क गृहस्थांशी बोलणे झाले. आम्ही विचारले, "काका, रोज येता?"

"आठवड्यातून सहा दिवस. सातवा दिवस गुडघ्यांना सुट्टी."

"कधी कंटाळा येत नाही?"

ते हसले. म्हणाले, "कंटाळा रोजच येतो. थंडीत तर गोधडी सोडवत नाही. पण खाली दोघे जण वाट बघत उभे असतात. मी नाही आलो की दिवसभर फोन करून छळतात. त्यापेक्षा डोंगर चढलेला बरा!"

काका सहज बोलले, पण आम्ही जे शोधायला निघालो होतो त्याचे अर्धे उत्तर आम्हाला तिथेच मिळाले.

दुसरे अर्धे उत्तर त्याच डोंगरावर, दगडात कोरलेले आहे. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. उषवदात हा क्षत्रप राजा नहपानाचा जावई. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी त्याने हे लेणे संघाला दान दिले आणि त्याच्या जोडीला ३००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने; १००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधीच परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. अशा ठेवीला 'अक्षयनीवी' म्हणत. २००० वर दरमहा २० प्रमाणे वर्षाला २४० होतात. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे, असे लेखात आहे. विसाला बारा म्हणजे २४०. हिशेब चोख जुळतो.

व्यायामाचा हिशेबही असाच असतो असे आम्हाला तिथे उभे राहून वाटले. शरीर हे मुद्दल आहे. रोजच्या रोज जेवढे व्याज निघते तेवढेच खर्चावे. पहिल्याच आठवड्यात मुद्दलाला हात घालणारा महिनाभरात पाय धरून बसतो, आणि लोक म्हणतात की त्याची जिद्द संपली. खरे पाहता त्याची ठेव मोडलेली असते.

मैदानावरची मुलगी

लेण्यांवरून उतरून आम्ही शहरात आलो. गोल्फ क्लब मैदान, ज्याला आता हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान म्हणतात, तिथे ऊन वर आले तरी गर्दी होती. महाराष्ट्र पोलीस अकादमी नाशिकलाच आहे, लष्कराचे तोफखाना केंद्र नाशिकरोडजवळ आहे. त्यामुळे वर्दीचे स्वप्न या गावात रोज डोळ्यांसमोर फिरत असते.

पोलीस शिपाई भरतीत आज मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. शिवाय १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. मैदानी चाचणीचे गुण ५०. त्यातले निम्मे मिळाले तरच पुढे लेखी परीक्षेची आशा. म्हणजे कित्येक घरांचे भवितव्य त्या काही मिनिटांवर टांगलेले असते.

तिथे एक मुलगी भेटली. वडील कंपनीत कंत्राटी कामाला, आई चार घरची धुणीभांडी करते. मागच्या भरतीत थोडक्यात हुकली होती. आम्ही म्हणालो, "ताई, एकदा हुकल्यावर पुन्हा उभे राहणे अवघड गेले असेल."

ती म्हणाली, "दोन महिने मैदानाकडे फिरकलेच नाही दादा. लाज वाटायची. मग आई एक दिवस म्हणाली, तू नोकरीसाठी पळू नकोस, नुसती माझ्याबरोबर सकाळी घराबाहेर पड. मी कामाला जाते, तू मैदानावर जा. रस्ता एकच आहे. तसे सुरू झाले. आता मीच आईला उठवते."

त्या माउलीने लेकीला उपदेश केला नाही. दोघींची वेळ एक केली, एवढेच. आमच्या मते त्या मैदानावरची सर्वांत मोठी प्रशिक्षक तीच.

याच मैदानावर आम्ही काही काळजीच्या गोष्टीही पाहिल्या. उपाशीपोटी धावणारी मुले पाहिली. रात्रपाळी करून न झोपता थेट मैदानावर आलेला एक तरुण पाहिला. "पाणी प्यायले की पोटात दुखते" म्हणून तहान मारणारे पाहिले. अशांनी २०१४ सालचा जून महिना आठवावा. मुंबईच्या पोलीस भरतीत तेव्हा ५ किलोमीटर धावावे लागे. त्या चाचणीत धावल्यानंतर काही तरुण दगावले. गावाहून आलेली, रात्र कुठेतरी कशीबशी काढलेली, नीट न जेवलेली पोरे ऐन उकाड्यात धावली होती. त्यांच्या अंगी जिद्दीची कमतरता मुळीच नव्हती. म्हणून आम्ही म्हणतो की, नुसत्या जिद्दीचा जयजयकार करणे धोक्याचे आहे.

घाम वाळतो तेव्हा शरीर थंड होते. हवा दमट असली की घाम वाळत नाही आणि आतली उष्णता आतच साठते. नव्या उकाड्याची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. चक्कर, मळमळ, डोके जड होणे, बोलणे अडखळणे अशी लक्षणे दिसली की थांबावे, सावलीत जावे, अंगावर पाणी घ्यावे. माणूस भानावर नसेल तर अंग थंड करीत त्याला तातडीने दवाखान्यात न्यावे. छातीत दुखले तर त्या दिवशीचे धावणे संपले असे समजावे आणि डॉक्टरांना दाखवावे. थांबणे हा पळपुटेपणा नव्हे.

सावरपाड्याची वाट

दुसऱ्या सकाळी आम्ही त्र्यंबकेश्वर तालुक्यात, हरसूलच्या बाजूला निघालो. डोंगराळ आदिवासी मुलूख. पावसाळ्यात इथे धो धो पाऊस कोसळतो आणि उन्हाळ्यात पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन पाण्यासाठी वणवण करतात. या भागातल्या सावरपाडा गावची कविता राऊत. वर्तमानपत्रांनी तिला 'सावरपाडा एक्स्प्रेस' असे नाव दिले. शाळेत असताना ती अनवाणी धावे. पुढे नाशिकला भोसला सैनिकी शाळेच्या मैदानावर प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली ती तयार झाली.

८ ऑक्टोबर २०१० रोजी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कविताने १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले. वेळ ३३ मिनिटे ५.२८ सेकंद. पुढच्याच महिन्यात, २१ नोव्हेंबरला, चीनमधील ग्वांगझू येथे आशियाई स्पर्धेत तिने तेच अंतर ३१ मिनिटे ५१.४४ सेकंदांत कापले आणि रौप्यपदक घेतले. सुवर्ण मिळाले भारताच्याच प्रीजा श्रीधरनला. दोघींमध्ये अंतर होते एका सेकंदापेक्षाही कमी. २०१२ साली कविताला अर्जुन पुरस्कार मिळाला.

पदकांच्या या गोष्टी सर्वांना ठाऊक आहेत. आम्हाला सांगायची आहे ती रिओची गोष्ट. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत मॅरेथॉनचे सुवर्ण जिंकून कविता रिओ ऑलिंपिकला पात्र ठरली. रिओत मात्र तिचा दिवस नव्हता. ४२.१९५ किलोमीटरची ती शर्यत तिने जवळजवळ तीन तासांत पूर्ण केली आणि क्रमांक आला १२०वा. पदक दूर गेलेले, कॅमेरे पुढच्या बायांवर रोखलेले, तरी ती धावत राहिली आणि शेवटच्या रेषेपर्यंत पोहोचली. आपल्या मुलांना आपण तिच्या पदकांचे फोटो दाखवतो. त्यांना हा १२०वा क्रमांकही सांगितला पाहिजे. भरतीत हुकलेल्या मुलाला पदकापेक्षा त्याचाच आधार अधिक वाटेल.

आणखी एक. कविता एकटी राहिली नाही. त्याच प्रशिक्षकांच्या हाताखाली नाशिक जिल्ह्यातल्या इतर मुलीही पुढे आल्या. चांदवड तालुक्यातील वडाळीभोईच्या संजीवनी जाधवने २०१७ साली भुवनेश्वरच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ५००० मीटरचे कांस्यपदक मिळवले. मोनिका आथरे त्याच वर्षी लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. एक मैदान, एक ठरलेली वेळ, डोळ्यांत तेल घालून पाहणारे एक माणूस आणि पुढे धावणारी एक ताई एवढे जमले की मागून येणाऱ्या मुलीला "मला जमेल का" हा प्रश्न छळत नाही. शेजारच्या गावची जमवून गेलेली असते.

विहीर खणणारा आणि नाव वल्हवणारा

तिसऱ्या दिवशी नेमकी उलटी दिशा धरली. पूर्वेकडे, आग्रा रस्त्याने चांदवडकडे. आदल्या दिवशीचे हिरवे डोंगर मागे पडले. हा पर्जन्यछायेचा, कांद्याचा आणि टँकरचा मुलूख. याच तालुक्यातले तळेगाव रोही हे दत्तू भोकनळचे गाव.

वडिलांबरोबर विहिरी खणणे, दगड फोडणे, शेतमजुरी करणे असे त्याचे तरुणपण गेले. २०११ साली वडील वारले आणि घराचा भार त्याच्यावर आला. २०१२ साली तो पुण्याला खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये, म्हणजे लष्करात भरती झाला. त्याची उंची आणि बांधा पाहून त्याला नौकानयनाला घातले. ज्याने पाणी पाहिले ते विहिरीच्या तळाशी, खडक फोडल्यावर, तो पाण्यावर नाव चालवायला शिकला. अवघ्या चार वर्षांत तो रिओ ऑलिंपिकला गेला. त्या वेळी त्याची आई अपघातानंतर अंथरुणाला खिळून होती. एकेरी शर्यतीत तो १३वा आला.

२०१८ च्या आशियाई स्पर्धेतले दोन दिवस तर वहीत लिहून ठेवावेत असे. स्पर्धा इंडोनेशियात, नौकानयन पालेम्बांग येथे. एकेरीच्या अंतिम शर्यतीत दत्तू आजारपणामुळे सर्वांच्या मागे राहिला. दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, चौघांच्या नावेत तो पुन्हा बसला. सोबत सवर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग. चौघांनी एका तालावर वल्ही मारली आणि सुवर्णपदक भारताला मिळाले.

काल एकटा असताना ज्याचे शरीर साथ देत नव्हते, तोच माणूस आज जिंकला, कारण नावेत आणखी तीन जोड्या हात होते आणि त्या तिघांसाठी त्याला वल्हवायचे होते. पांडवलेणीचे काका जे म्हणाले तेच इथे पुन्हा दिसले. खाली कुणीतरी वाट बघत उभे आहे.

परतताना संध्याकाळी नाशिक शहराबाहेर सायकलवाल्यांचा एक जथा भेटला. नाशिकमध्ये सायकलचे वेड आता चांगलेच पसरले आहे. इथलेच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' या शर्यतीत उतरले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४८०० किलोमीटर. वाळवंट, डोंगर, रात्र, पाऊस, घड्याळ थांबत नाही. दोघांनी मिळून ती ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पुरी केली. त्यांची रीत पाहा. एक सायकलवर, दुसरा मागच्या गाडीत झोपलेला. मग पाळी बदलायची. एवढा खर्च आणि एवढा सरंजाम आपल्या घरांना परवडणारा नाही हे खरे. पण पाळी बदलण्याची अक्कल फुकट आहे. विश्रांती हा शर्यतीचाच भाग आहे, हे त्यांनी मानले म्हणून ते पोहोचले.

घराने काय करावे

तीन दिवसांत आम्हाला जिद्द नावाची कोणतीही जादू सापडली नाही. मनाचा उत्साह हा नदीच्या पुरासारखा असतो, आला तसा ओसरतो. पूर ओसरल्यावर जे उरते ते महत्त्वाचे. उरलेली माणसे आम्ही पाहिली आणि त्या प्रत्येकाच्या पाठीशी कुठली तरी घडी बसवलेली होती. ती घडी आपल्या वस्तीतही बसवता येते.

पहिली गोष्ट सोबतीची. मुलगा किंवा मुलगी एकटी धावत असेल तर दुसरे एक मूल गाठून द्यावे. वस्तीत चार मुले असतील तर विहाराच्या किंवा शाळेच्या दारात जमायची वेळ ठरवावी. न येणाऱ्याच्या घरी दुसऱ्याने जाऊन हाक मारावी.

दुसरी गोष्ट मापाची. रोज ताकद संपेपर्यंत धावू नये. एक दिवस जोराचा, दुसरा हलका, आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती. हलक्या दिवशी धावता धावता शेजारच्याशी बोलता आले पाहिजे, दम लागून बोलणे तुटले तर वेग जास्त झाला असे समजावे. अंतर वाढवायचे ते दर आठवड्याला थोडे थोडे, दहाला अकरा या बेताने. आणि कंटाळा आलेल्या दिवशी सारे रद्द करू नये. फक्त बूट घालून दहा मिनिटे चालून यावे. सवयीचा धागा तुटला नाही म्हणजे झाले.

तिसरी गोष्ट पोटाची आणि झोपेची. महागडे डबे आणि पावडरी यांच्या नादी लागू नये. धावण्याआधी एखादे केळे किंवा गूळ-शेंगदाणे, नंतर भाकरी, उसळ, डाळ, परवडेल तेव्हा अंडे. मुलींच्या बाबतीत घराने अधिक लक्ष द्यावे. ती सारखी थकते, धाप लागते असे दिसले तर तिला आळशी म्हणण्यापूर्वी सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्यावे. पुष्कळदा दोष मनाचा नसतो, रक्त कमी असते. रात्री आठनंतर तिच्या वाट्याची भांडी कधी भावानेही घासावीत, म्हणजे ती वेळेवर झोपेल. सकाळी धावण्याची तयारी आदल्या रात्रीच्या झोपेपासून सुरू होते.

चौथी गोष्ट वहीची. एक साधी वही करावी. तारीख, किती धावलो, किती वेळ लागला, कसे वाटले. चार ओळी पुरेत. महिन्याने ती उघडली की जे आरशात दिसत नाही ते कागदावर दिसते. मागच्या महिन्यात १६०० मीटरला साडेसात मिनिटे लागत होती, आता सात लागतात हे पाहिले की कुणी शाबासकी देण्याची वाट पाहावी लागत नाही.

आणि शेवटची गोष्ट बोलण्याची. भरती ही हजारो मुलांत मोजक्या जागांची असते. चांगली तयारी करूनही मूल हुकू शकते. त्या संध्याकाळी घरात जे बोलले जाते त्यावर पुढचे वर्ष ठरते. "झाले का समाधान?" असे विचारणारे घर मुलाला मैदानापासून तोडते. "जेवून घे, उद्या सुट्टी, परवा सकाळी किती वाजता उठवू?" असे विचारणारे घर त्याला पुन्हा उभे करते. नोकरी मिळो अथवा न मिळो, दमदार छाती, वेळेवर उठण्याची सवय आणि चार चांगले सोबती ही कमाई त्याच्याकडून कुणी परत घेऊ शकत नाही.

म्हणून वाचकहो, आपल्या घरातला गजर उद्या पहाटे वाजला आणि पोर कूस बदलून झोपले, तर रागावू नका. एक दिवस तुम्हीच उठा, पायात चपला घाला आणि म्हणा, "चल, कोपऱ्यापर्यंत मी येतो." बहुधा कोपऱ्यापुढचा रस्ता ते आपले आपण धावेल.